आखाताच्या तळाची पैमाश

ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकुमावरून बॉम्बे मरीन या तिच्या आरमारातील गाय, ब्रक्स प्रभृती अधिकाऱ्यांनी 1820च्या दशकात इराणच्या आखाताची जी पैमाश केली, तीत तत्कालीन नकाशांवर ‘ग्रेन’ या नावाने दाखविले जाणारे कुवैतही होते. त्या काळी शिशाच्या वजनाच्या बुडाशी चरबी माखून ते दोराने पाण्यात सोडीत. दोरावरील खुणांवरून खोली कळे, आणि चरबीला चिकटून वर आलेला चिखल, वाळू वा शिंपल्यांचा चुरा तळाची जात सांगे. युक्ती मोठी नामी. मात्र दोन मापांमधला तळ अज्ञातच राही. आज जहाजाखालील ध्वनियंत्र तळाचा रुंद पट्टा एकदम मोजते. परंतु कुवैतच्या उपसागरातील, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या उत्तरेकडील चिखलपट्ट्यांवर जहाजाची डाळ शिजत नाही, म्हणून तेथील किनारारेषा भरती-ओहोटीच्या वेळा ताडून उपग्रहचित्रांवरून आखतात.