मेंदूतला ठिपका: गाठ कशाची?

आठवीचा तास चालू आहे. एक मुलगी अचानक बाकावरून खाली कोसळते. आधी एका हाताला झटके येतात, मग सगळे अंग ताठ होते. कोणी कांदा आणायला धावतो, कोणी चप्पल नाकाशी धरायला सांगतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात. पुढे शहरात सीटी स्कॅन होतो. फिल्मवर मेंदूत हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. "मेंदूत गाठ आहे" हे शब्द कानी पडताच आईवडिलांना कर्करोगच आठवतो.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण असा ठिपका आपल्या देशात असंख्य रुग्णांच्या स्कॅनवर दिसलेला आहे. तो कशाचा, हे कसे उलगडले ते पाहू.

गुण आला, पण कशाने?

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली. १९८०च्या दशकात ही यंत्रे भारतातील मोठ्या रुग्णालयांत आली आणि फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत हे ठिपके दिसू लागले. आपल्याकडे क्षयरोग फार, तेव्हा ही क्षयाची गाठ असावी असे अनेक डॉक्टरांनी मानले. क्षयाची औषधे अनेक महिने दिली जात. नंतर पुन्हा स्कॅन केला, तर बहुधा ठिपका नाहीसा झालेला असे. औषधाचा गुण आला असेच कोणालाही वाटेल.

पण फक्त फिट थांबवणारी औषधे घेतलेल्या रुग्णांचेही ठिपके नाहीसे होत होते. म्हणजे 'औषध दिले आणि बरे वाटले' एवढ्यावरून 'औषधामुळे बरे वाटले' असे ठरत नाही. औषध न दिलेल्यांशी तुलना करावीच लागते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांमधील अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. क्षयाच्या गाठी फारच थोड्या निघाल्या. बऱ्याच गाठींत एका पट्टकृमीच्या मेलेल्या अळीचे अवशेष होते. १९८९ साली त्यांनी हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले.

अळी मेंदूत कशी पोचते?

हा पट्टकृमी म्हणजे टीनिया सोलियम. अळ्या असलेले डुकराचे कच्चे मांस खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर लांबीचा कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. डुकराने ती विष्ठा खाल्ली की त्याच्या मांसात अळ्या तयार होतात, आणि चक्र पुरे होते.

हीच अंडी हातावाटे, पाण्यावाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली, तर त्यांतील भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात. स्नायू, मेंदू किंवा डोळा येथे त्यांची पाण्याने भरलेली पुटी बनते. म्हणून कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. न्यूयॉर्कमधील सनातनी यहुदी समाजात डुकराचे मांस निषिद्ध आहे. तरीही त्या समाजातील चार जणांना तो झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. घरात वावरणाऱ्या, आतड्यात पट्टकृमी असलेल्या व्यक्तीच्या हातांवाटे अंडी पोचली असावीत, असा तपासाचा निष्कर्ष होता.

जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवून वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकते. ती मरू लागली की प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि फिट येते. मेलेली अळी शरीर हळूहळू शोषून घेते, म्हणून ठिपका नाहीसा होतो. कधी मागे कॅल्शियमचा बारीक खडा राहतो.

ओळखायचे कसे?

प्रत्येकाची कवटी उघडून पाहणे शक्य नाही. म्हणून वेल्लोरच्या गटाने १९९३ साली निकष मांडले: गाठ एकच हवी, २० मिलिमीटरपेक्षा मोठी नको, मेंदू एका बाजूला सरकलेला नको, तसेच कवटीतील दाब वाढल्याची किंवा वाढत जाणाऱ्या लुळेपणाची लक्षणे नकोत. हे निकष पुढे नव्या रुग्णांवर पडताळून पाहिले, आणि ते टिकले. अनेक रुग्णांची शस्त्रक्रिया आणि क्षयाची अनावश्यक औषधे त्यामुळे टळली.

दाब वाढल्याचे कळण्यास डोळा मदत करतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे मांडलेल्या नेत्रदर्शक उपकरणातून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दृक्-चेतेचे टोक दिसते. कवटीतील दाब वाढला की ते सुजते. मोठ्या ट्यूमरमध्ये असे होऊ शकते आणि वेळीच उपाय न केल्यास दृष्टी जाते. डोळे तपासण्याचे आणखी एक कारण आहे. अळी डोळ्यातच असेल, तर कृमिनाशक औषधाने ती मरते, पण तिच्याभोवती येणाऱ्या सुजेने डोळा निकामी होऊ शकतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी करतात.

शाळेत काय करता येईल?

हे चक्र तोडता येते. पेरूच्या उत्तर भागात माणसांना कृमिनाशक औषध आणि डुकरांना औषध व लस दिल्यावर १०७ पैकी १०५ गावांत बाधित डुक्कर सापडले नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या हाती संडासाचा वापर, साबणाने हात धुणे, कोथिंबीर-मुळा-गाजर नीट धुऊन खाणे आणि मांस पूर्ण शिजवणे एवढे नक्की आहे. जीवनचक्राचा धडा शिकवताना फळ्यावर चक्र काढा आणि ते कुठेकुठे तोडता येईल, हे मुलांनाच शोधू द्या.

वर्गात कोणाला फिट आलीच, तर कांदा किंवा चप्पल नको. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि ते मूल पुन्हा शाळेत आले की त्याला त्याच्या नेहमीच्या बाकावरच बसवा. त्याला मागे एकटे बसवण्याचे काहीही कारण नाही.