परसांतील उभयतांचा वाफा

भाजी बाजारांत मिळत असतां ती परसांत लावण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. उत्तर देण्यापूर्वीं कष्टांचा हिशेब मांडणें बरें. कारण परसबागेचे गोडवे गाणारे बहुधा कळशी उचलणारे नसतात.

रत्नागिरीच्या भूमीचा स्वभाव विलक्षण आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तरीहि एप्रिलांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची, समुद्र जवळ. पाणी थांबणार तरी कोठें? जातांना तें मातीचा कसहि घेऊन जातें. पहिल्या वर्षीं हें आम्हीं ध्यानांत घेतलें नाहीं. सपाट वाफ्यांत भेंडी पेरली. आर्द्रा नक्षत्राच्या झडींत बीं कुजलें आणि माती गडग्यापाशीं जाऊन बसली. पुढील वर्षीं वाफे उंच केले, मधून चर खणले, शेणखत व कुजलेला पालापाचोळा घातला, तेव्हां कोठें मांडवावर पडवळाचा आणि दोडक्याचा वेल चढला. बियाण्याची निवडहि महत्त्वाची. दापोली येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठानें कोकणच्या हवेस मानवणारे वाण काढले आहेत. कारल्याचा 'कोकण तारा' हा त्यांतलाच.

पडवळ सरळ वाढावें म्हणून टोंकास दोऱ्यानें खडा बांधणें, फळमाशी लागूं नये म्हणून कोवळ्या कारल्यास कागदाची पिशवी चढविणें, माव्यावर राख उधळणें, हीं कामें दोघांनीं मिळून करण्यांत मोठी मौज आहे. भरल्या घरांत पतिपत्नींस निवांत बोलावयास जागा कोठें असते? आम्हांस ती मांडवाखालीं सांपडली.

परंतु मौज दोघांची आणि पाणी मात्र एकीचें, असें हळूहळू होऊं लागलें. आमच्यापैकीं एक सकाळीं वेल पाहून संतोष पावे. दुसरी स्वयंपाक आटोपून तिन्हीसांजेस वीस-वीस कळशा ओढी. एके वर्षीं चैत्रांत तिनें शांतपणें विचारलें, "बाग आपली, तर विहिरीचा दोर माझ्याच हातीं कां?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून पाणी काढण्याचें काम पुरुषाकडे आलें, आणि वीस कळशा म्हणजे काय हें आठ दिवसांतच त्याच्या तळहातांस कळलें! मग उन्हाळी वाफे निम्मे झाले, आळ्यांत वाळल्या गवताचें आच्छादन आलें, न्हाणीचें पाणी केळींकडे व अळवाकडे वळलें. हे उपाय पूर्वींहि सुचते. पण ज्याची पाठ दुखत नाहीं त्यास ते सुचत नाहींत.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. भाजी बाजारांत मिळते, हें खरें. परंतु एकमेकांच्या श्रमांची ओळख तेथें मिळत नाहीं. ज्या दांपत्यास यंदा परसांत कांहीं लावावयाचें असेल, त्यानें आरंभ एकाच वाफ्यानें करावा. आणि बीं पेरण्यापूर्वीं पाणी कोणीं काढावयाचें हें ठरवावें.