स्नॉर्कल सोबत न्यावी की न न्यावी?

स्कूबा बुडीत श्वासासाठी लागणारी हवा पाठीवरच्या सिलिंडरमध्ये असते आणि ती रेग्युलेटरमधून भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात येते. त्यामुळे पाण्याखाली गेल्यावर स्नॉर्कलचा, म्हणजे एक टोक तोंडात धरून दुसरे पाण्याबाहेर ठेवायच्या आखूड नळीचा, पाणबुड्याला काहीच उपयोग नसतो. ही नळी साधारण 35 ते 40 सेंटिमीटर लांब असते, आणि ती याहून फारशी वाढवता येत नाही, कारण केवळ एक मीटर खोलीवरही पाणी छातीला वातावरणाच्या दाबाच्या एक दशांशाने अधिक दाबते, आणि पृष्ठभागावरची हवा त्या दाबाविरुद्ध आत ओढणे छातीच्या स्नायूंना जवळजवळ अशक्य होते. शिवाय नळी जितकी लांब, तितकी आधीच्या उच्छ्वासाची हवा पुन्हा फुप्फुसात जाते. स्नॉर्कल हे पूर्णपणे पृष्ठभागाचे साधन आहे, आणि ती न्यायची की नाही हे बुडीपूर्वी व बुडीनंतर पृष्ठभागावर काय करावे लागेल यावरूनच ठरवायला हवे.

जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये आधुनिक रेग्युलेटर घडवला, त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हवा भरून तरंगता येणारे जाकीट पाणबुड्यांच्या अंगावर नसे, आणि म्हणून हवा संपत आल्यावर वर येणाऱ्याला स्नॉर्कलचा मोठा आधार असे. आज ते जाकीट, म्हणजे बीसीडी, प्रत्येकाजवळ असते. शांत पाण्यात ते फुगवून उताणे पडावे आणि फिन मारत नावेपर्यंत जावे, हे नळीवाचून सहज जमते. परंतु उताण्या माणसाला पुढची दिशा दिसत नाही, आणि लाटा उसळू लागल्या की तोंडावर पाणी येत राहते.

अशा वेळी रेग्युलेटर तोंडात ठेवता येतोच, पण त्याला हिशेबाची मर्यादा आहे. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार दाब उरला असेल, तर बाहेरच्या दाबाला मोजून सुमारे 550 लिटर हवा शिल्लक असते, आणि लाटांविरुद्ध पोहणारा माणूस मिनिटाला 35 लिटर वापरत असेल तर ती पाऊण तासही नव्हे, जेमतेम पाव तास पुरते. किनाऱ्यावरून पोहत जाऊन बुडी मारणाऱ्याने, जिथे परतीचे अंतर लांब आणि वारा अनिश्चित आहे, स्नॉर्कल अवश्य न्यावी. तिथे ती नाकारणे म्हणजे खाली लागणारी हवा वर उधळणे होय.

याउलट गुहा, बुडालेली जहाजे आणि दाट सागरी वनस्पतींची जंगले येथे मुखवट्याच्या पट्ट्याला अडकवलेली नळी दोरीत वा फांद्यांत गुंतते आणि ओढली गेल्यास मुखवटाच सरकवते. गुहेतल्या पाणबुड्यांचा सुमारे दोन मीटरचा रेग्युलेटर-नळा मानेभोवती वळवलेला असतो आणि अडचणीतल्या जोडीदाराला तो क्षणात काढून द्यायचा असतो. स्नॉर्कल त्याच्या वाटेत येते. शिवाय डोक्यावर छत असलेल्या जागी पृष्ठभागच हाताशी नसतो.

सिंधुदुर्गात तारकर्ली-मालवण परिसरात पर्यटक पहिली बुडी उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या हाताशी आणि नाव जवळ असताना मारतात, तेव्हा स्नॉर्कलचा प्रश्न जवळपास येतच नाही. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या प्रवाळ पठारावर मात्र प्रवाहाने पाणबुड्या नावेपासून दूर जाऊ शकतो; तिथे दुरून दिसणारा फुगवायचा खूणफुगा ही पहिली गरज आहे, आणि वाट पाहताना श्वास निभावणारी स्नॉर्कल ही दुसरी.

घडी होऊन खिशात मावणाऱ्या स्नॉर्कल आता मिळतात आणि बहुतेकांसाठी त्याच सोयीच्या ठरतात, मात्र लाटांत तरंगत असताना ती उघडून मुखवट्याच्या डाव्या बाजूला, कारण उजव्या खांद्यावरून रेग्युलेटरचा नळा येतो, लावता यायला हवी. नळीत शिरलेले पाणी जोरकस उच्छ्वासाने बाहेर फेकणे आणि रेग्युलेटर काढून स्नॉर्कल तोंडात धरणे हे दोन्ही सराव उथळ पाण्यात, डोळे मिटूनही जमतील इतके पक्के झाले असतील, तरच खिशातली नळी उपयोगाची.