ओहोटीचा चिखल, भरतीचा आसरा

जोगेश्वरीच्या दोन्ही अंगांना खाडी आहे. आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगाव-जोगेश्वरीच्या वस्त्यांमधून वाट काढत पश्चिमेला मालाडच्या खाडीत शिरते आणि ही खाडी वेसावे व मढ यांच्यामधून समुद्राला मिळते. पूर्वेला विक्रोळी जोडरस्त्याने डोंगर ओलांडला की कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरे आणि त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी लागते. दोन्ही खाड्यांच्या चिखलावर पावसाळा सरत आला की परदेशी पाणपक्षी उतरू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. मालाडची खाडी लहान, तिच्यावर भरावाचा आणि सांडपाण्याचा बोजा मोठा; तिथे कुरव, बगळे आणि थोडेफार किनारपक्षी दिसतात. ठाण्याच्या खाडीची गोष्ट वेगळी. पाणपक्ष्यांच्या स्थलांतरात तिला जागतिक महत्त्व आहे.

ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. वरच्या टोकाला ती उल्हास नदीशी अरुंद वाटेने जोडलेली असल्याने पावसाळा सोडला तर तिच्यात गोडे पाणी फार येत नाही. जो काही बारीक गाळ येतो तो संथ पाण्यात बसत जातो. दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि तितकेच खोल उतरते. ओहोटीला दोन्ही काठांना कांदळवनाच्या पुढे चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. हा चिखल घाण दिसतो, वासही मारतो. पण त्यात समुद्री किडे, बारीक खेकडे, गोगलगायी, शिंपले आणि निवट्या भरलेल्या असतात आणि वर सूक्ष्म शेवाळाचा पातळ थर असतो. पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात ते याच्यासाठी.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांची घरटी सायबेरियाच्या टुंड्रात, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात किंवा तिबेट-लडाखच्या सरोवरांकाठी असतात. तिथला उन्हाळा छोटा, पण किड्यांनी समृद्ध असतो. ऑगस्टनंतर जमीन गोठू लागते. पिसांमुळे थंडी सोसता येते, चोच मात्र गोठलेल्या जमिनीत शिरत नाही, म्हणून निघावे लागते. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या त्यांच्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यात ३० देश येतात आणि पाणपक्ष्यांच्या सुमारे १८२ जाती तो वापरतात.

सगळे एकदम येत नाहीत. ऑगस्टच्या मध्यापासून तुतवार, टिवळे, चिखल्या असे किनारपक्षी दिसू लागतात. यातले पहिले असतात ते प्रौढ. त्याच वर्षी अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले काही आठवड्यांनी, आईबापांशिवाय निघतात. वाट त्यांना कोणी दाखवत नाही. दिशेचे ज्ञान जन्मतःच असते आणि सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा आधार घेऊन ती उडतात. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे अवघे पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून निघून अकरा दिवसांत, एकदाही न थांबता, १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियाला पोहोचले. त्याच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र होते म्हणून हे कळले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुरव आणि त्यांच्या मागोमाग थापट्या, तलवार बदक अशी बदके येतात. जानेवारीपर्यंत खाडी भरून जाते.

ओहोटी लागली की पक्षी उतरत्या पाण्याच्या कडेने पुढे सरकत जातात. लांबून सगळे एकच काम करताना दिसतात, पण दुर्बीण लावली की कोण कुठे आणि काय खातो ते उलगडते. कोरल आपली लांब, खाली वाकलेली चोच खेकड्याच्या बिळात मुळापर्यंत खुपसते. पाणटिवळ्याची चोच सरळ आणि लांब. तो पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून तळाचा चिखल चाचपतो. उचाट्याची चोच टोकाशी वर वळलेली असते आणि तो ती उथळ पाण्यात डावीउजवीकडे फिरवत जातो. चिमणीएवढा टिलवा मात्र वरवरचेच टिपतो, टोचण्याचा वेग इतका की मोजता येत नाही. तुतवार कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात, त्यामुळे न दिसणारा किडाही सापडतो. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, हललेले काही दिसले की झडप घालतो. एकाच चिखलाच्या वेगवेगळ्या खोलीवर इतकी तोंडे पोसली जातात.

लोकांना मात्र ठाण्याची खाडी माहीत आहे ती रोहित पक्ष्यांमुळे, म्हणजे फ्लेमिंगोंमुळे. १९९०च्या दशकापासून ते शिवडी-माहूलच्या चिखलावर मोठ्या संख्येने येऊ लागले. दोन जाती येतात. मोठा रोहित पायांनी चिखल ढवळून त्यातले किडे-कोळंबी खातो. लहान रोहिताची संख्या कितीतरी जास्त. तो मान खाली घालून, चोच उलटी करून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या बारीक गाळणीत सूक्ष्म शेवाळ अडकवतो. त्याचा गुलाबी रंगही या शेवाळातूनच येतो. थव्यात राखाडी-मळकट दिसतात ती अजून रंग न चढलेली तरुण पिल्ले. शहराच्या सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे खत ठरले आणि रोहितांची संख्या वाढली, असे अभ्यासक मानतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या मोजणीत मुंबई परिसरातली रोहितसंख्या १ लाखाच्या वर भरली आहे. यावरून सांडपाणी खाडीला बरे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे. तेच पाणी प्राणवायू कमी करते, त्याबरोबर जड धातू येतात आणि स्वच्छ पाणी लागणाऱ्या जाती आटत जातात.

रोहितांचे स्थलांतर सायबेरियाइतके लांबचे नाही. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. बीएनएचएसने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा गुजरातशी असलेली त्यांची ही ये-जा नकाशावर उमटली. त्याहून महत्त्वाची होती ती रोजची ये-जा. भरतीला खाडीचा चिखल बुडाला की पक्षी नवी मुंबईच्या पाणथळींवर जातात आणि ओहोटीला परततात.

खाडीच्या संरक्षणाचा सगळा प्रश्न या रोजच्या फेरीत आहे. बहुतेक किनारपक्षी पाण्यावर तरंगत नाहीत. चिखल बुडाला की त्यांना चार-सहा तास उभे राहायला उथळ, मोकळी, कुत्र्या-माणसांपासून दूर अशी जागा लागते. मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरे, उरणचे पाणजे, नेरूळ-सीवूड्सची तळी ही ती जागा. ती जवळ नसेल तर पक्ष्याला रोज दोनदा लांब उडावे लागते आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्यात जळते. काही वर्षे अशी गेली की पक्षी येणे कमी होते, चिखल मात्र जागच्या जागी असतो.

२०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले गेले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ही दोन्ही पावले मोलाची आहेत. पण त्यांनी मुख्यतः पाणी, चिखल आणि कांदळवन सांभाळले. भरतीच्या वेळच्या जागा बऱ्याच अंशी हद्दीबाहेर राहिल्या. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. मिठागरे ओसाड, निरुपयोगी जमीन मानली जातात. पक्ष्यांच्या दृष्टीने ती खाडीचाच भाग आहेत. कांदळवनाच्या लागवडीबद्दलही असाच एक गैरसमज आहे. तिवराची झाडे पूर रोखतात, मासळीला आसरा देतात, त्यांना राखलेच पाहिजे. पण गाळ वाढून मोकळ्या चिखलावर तिवरे पसरत गेली तर चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा तेवढी घटते, म्हणून उघड्या चिखलात रोपे लावणे हे पक्षीसंवर्धन नव्हे.

जानेवारी २०२४ मध्ये खाडीच्या तोंडावरून अटल सेतू सुरू झाला. शिवडीच्या टप्प्यात त्याला आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची रोहितांच्या थव्याशी धडक झाली आणि ४०च्या आसपास पक्षी मेले. थवे रात्रीही उडतात. पाणथळींवरची गडबड, दिव्यांचा झगमगाट आणि विमानांची वाट यांचा एकत्र विचार करण्याची गरज त्या रात्री साऱ्या शहराला दिसली.

उपनगरांच्या किनाऱ्यांवर कुरवांना शेव-गाठ्या घालण्याची सवय आहे. हेतू चांगला असला तरी तेल-मीठ त्यांच्या पोटाला घातक आहे आणि लांबच्या प्रवासाआधी त्यांना मासेच हवेत.

फेब्रुवारीनंतर परतीची तयारी दिसू लागते. हिवाळाभर पांढऱ्या डोक्याचे आणि डोळ्यामागे फक्त एक ठिपका असलेले कुरव तपकिरी टोपी चढवतात, बाकचोच तुतवाराची राखाडी छाती विटेसारखी लाल होते. पक्षी अधाशासारखे खातात; काहींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मार्च-एप्रिलात, बहुधा संध्याकाळी, छोटे थवे उत्तरेकडे निघतात. रोहित मे अखेरीपर्यंत, कधी पहिल्या पावसापर्यंत राहतात. मात्र किनारपक्ष्यांमधली पहिल्या वर्षाची बरीच पिल्ले परत जात नाहीत. वीण करण्याइतके वय झालेले नसते, म्हणून ती आपला पहिला पावसाळा याच चिखलावर काढतात. पक्षी गेले म्हणून जूनमध्ये भराव किंवा गाळउपसा निर्धोक होतो, असे त्यामुळे म्हणता येत नाही.