विश्लेषण : परिचारिकांची ‘एनसीलेक्स’ परीक्षा ८५ व्या प्रश्नालाच का थांबते?

पंच्याऐंशीव्या प्रश्नाचे उत्तर दिले जाते आणि पुढचा प्रश्न येण्याऐवजी परीक्षा संपल्याची सूचना झळकते. पडद्यासमोर बसलेल्या परिचारिकेला हे चांगले की वाईट, काहीच कळत नाही. तिच्याच बॅचची मैत्रीण दुसऱ्या दिवशी थेट १५० व्या प्रश्नापर्यंत जाते. दोघी पास होऊ शकतात, दोघी नापासही होऊ शकतात. अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचे तर ‘एनसीलेक्स-आरएन’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. दिवसाची ड्युटी करून रात्री तिची तयारी करणाऱ्या मुली (आणि आता मुलगेही) महाराष्ट्रात कमी नाहीत. ‘किती गुण मिळाले?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तर नसते. या परीक्षेत गुण कळवलेच जात नाहीत.

परीक्षा कोण घेते? भारतात अशी परीक्षा आहे का?

अमेरिकेत परिचारिकांना परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे नर्सिंग मंडळ देते. या मंडळांची शिखर संस्था ‘एनसीएसबीएन’ ही परीक्षा तयार करते आणि ‘पिअरसन व्ह्यू’ कंपनीच्या केंद्रांवर ती होते. त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही, मुंबईतही केंद्र आहे. कॅनडाने २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून परदेशात शिकलेल्या परिचारिकांच्या मूल्यमापनाचा पहिला टप्पा म्हणून ती लागू केली.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण झाला, की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि कामाला लागायचे. कॉलेजची किंवा विद्यापीठाची शेवटची परीक्षा हीच शेवटची. एम्सची ‘नॉरसेट’ किंवा राज्य सरकारची अधिपरिचारिका पदाची परीक्षा या भरती परीक्षा आहेत. तिथे जागा मर्यादित असतात आणि शर्यत इतरांशी असते. एनसीलेक्समध्ये इतर उमेदवार किती हुशार आहेत याचा निकालाशी काडीचा संबंध नाही. प्रश्न एकच असतो, या नर्सच्या हाती रुग्ण सोपवणे सुरक्षित आहे का?

मग संगणक मध्येच का थांबतो?

१९९४ पासून ही परीक्षा ‘अनुकूली’ पद्धतीने घेतली जाते, म्हणजे प्रश्नपत्रिका आधी ठरलेली नसते. उंच उडीची दांडी डोळ्यांसमोर आणा. उडी पार झाली की दांडी वर जाते, चुकली की खाली येते. इथेही प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या कुवतीचा नवा अंदाज बांधतो आणि पुढचा प्रश्न असा निवडतो, की तो सुटण्याची शक्यता साधारण पन्नास टक्के असेल. परिणामी हुशार मुलीलाही परीक्षाभर आपण चुकतोच आहोत असे वाटत राहते. परीक्षेतून रडत बाहेर पडलेल्या कित्येक जणी पास झालेल्या असतात, त्यामागे हे साधे गणित आहे.

किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री संगणकाला पटली की परीक्षा तिथेच थांबते. म्हणजे ८५ ला थांबलेली परीक्षा ‘स्पष्ट पास’ असू शकते तशी ‘स्पष्ट नापास’ही. रेषेच्या आसपास घुटमळणाऱ्या उमेदवाराला प्रश्न येत राहतात. दीडशे प्रश्नांनंतरही खात्री झाली नाही, तर शेवटचा अंदाज रेषेच्या वर आहे की खाली एवढेच पाहिले जाते. वेळ संपेपर्यंत ८५ प्रश्नही झाले नाहीत, तर मात्र नापास.

शेवटचा प्रश्न सोपा आला म्हणजे गेलो, अवघड आला म्हणजे तरलो, या व्हॉट्सअॅपवरच्या समजुतीला अर्थ नाही. प्रत्येक प्रश्नसंचात १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी टाकलेले असतात, त्यांचे गुण धरले जात नाहीत आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. परीक्षेनंतर लगेच पुन्हा नोंदणी करून पाहायची आणि संकेतस्थळाने पैसे घ्यायला नकार दिला तर आपण पास, अशीही एक ‘युक्ती’ जगभर चालते. परीक्षा मंडळ ती मान्य करत नाही. शिवाय नकार आला नाही, तर निकालाच्या धास्तीबरोबर शुल्कही कापले जाते.

प्रश्न असतात तरी कसे?

मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडताही येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे नवे रूप आले. त्यात एकाच रुग्णाची हकीकत, तपासण्या आणि नोंदी पडद्यावर उलगडत जातात आणि त्यावर सहा प्रश्न येतात. अशा किमान तीन हकिगती असतात. पूर्वी ‘योग्य ते सर्व पर्याय निवडा’ प्रकारात एक पर्याय चुकला की सगळे वाया जात असे, आता अंशतः गुण मिळतात.

तरी परीक्षेचा स्वभाव कळतो तो साध्या दिसणाऱ्या प्रश्नांतून. समजा, ड्युटी सुरू झाली आणि चार रुग्ण आहेत. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, दहापैकी सात इतक्या वेदना. मधुमेही रुग्ण, साखर २५०, इन्सुलिनची वेळ झालेली. काल थायरॉइड काढलेली बाई, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते म्हणते. चौथा डिस्चार्जसाठी ताटकळलेला, चिडलेला. आधी कोणाकडे जायचे?

वॉर्डात सगळ्यात मोठा आवाज चौथ्याचा असतो. सगळ्यात जास्त दुखते आहे पहिल्याला. पण उत्तर आहे थायरॉइडवाली. शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसला तर रक्तातले कॅल्शियम उतरते, मुंग्या हे त्याचे पहिले लक्षण, आणि पुढे स्वरयंत्र आवळून श्वास अडू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना अपेक्षित असतात, ओठांच्या मुंग्या अपेक्षित नसतात. सगळ्या परीक्षेभर हेच चाळले जाते. नवे काय, अपेक्षित काय, आणि थांबले तर जिवावर बेतेल असे काय?

दहा वर्षे वॉर्डात काढलेल्या सिस्टर का अडखळतात?

अमेरिकेत शिकून पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांपैकी अलीकडच्या वर्षांत दहांतल्या नऊच्या आसपास जणी पास होतात. अमेरिकेबाहेर शिकलेल्यांत पहिल्या प्रयत्नाचे हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर आहे. भाषा हे एक कारण आहे, पण ते सगळे कारण नव्हे. औषधांची मात्रा, सलाइनचा वेग, ड्रेसिंग यांत आपल्या परिचारिका कमी पडत नाहीत. अडते ते निर्णयाच्या अधिकारापाशी.

रक्त चढवताना रुग्णाला हुडहुडी भरली, ताप आला. ‘डॉक्टरांना कळवणे’ हा पर्याय आपल्याकडच्या सिस्टरला सवयीने बरोबर वाटतो. परीक्षेला हवे असते ‘आधी रक्त बंद करणे’, फोन त्यानंतर. जिथे नर्सने स्वतः काही करायचे आहे, तिथे डॉक्टरांवर ढकलणारा पर्याय चुकीचा धरला जातो.

कामवाटपाचेही तसेच. आपल्या सरकारी रुग्णालयात रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असणे नवे नाही. अंग पुसणे, बेडपॅन देणे हे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि कोणाला काय सांगायचे हे रेटारेटीत ठरते. परीक्षेत मात्र याचे काटेकोर नियम आहेत. स्थिर रुग्णाचा रक्तदाब मदतनीस मोजू शकतो. रुग्णाची पहिली तपासणी, त्याला समजावून सांगणे आणि उपचाराचा गुण आला का हे ठरवणे, ही कामे नोंदणीकृत नर्सने दुसऱ्यावर सोपवायची नाहीत.

आणखी एक गंमत. ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ हे वाक्य पर्यायांत दिसले की ते चूक समजावे. आपल्या वॉर्डात दिवसातून पन्नास वेळा हेच वाक्य बोलले जाते आणि त्याने धीरही येतो. पण या परीक्षेच्या मते ते खोटे आश्वासन आहे. रुग्णाला नेमकी कशाची भीती वाटते, हे आधी विचारायचे.

खर्च, कागद आणि नावाचा घोळ

परीक्षा शुल्क २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी वरचे १५० डॉलर व कर. म्हणजे साधारण ३० हजार रुपये. कागदपत्रांचे मूल्यांकन, राज्य मंडळाचा अर्ज, इंग्रजीची परीक्षा आणि क्लास हा खर्च वेगळा. आधी राज्य निवडून तिथल्या मंडळाकडे अर्ज करायचा, पात्रता मान्य झाली की परीक्षेला बसण्याचे अधिकारपत्र येते. जीएनएम झालेल्यांनाही अनेक राज्यांत बसता येते. मात्र मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या विषयांचे वर्गातले आणि वॉर्डातले तास कागदावर दिसावे लागतात. कॅलिफोर्नियात तर थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच काळात झाले का, हेही पाहतात.

मंडळे कागदांबाबत इतकी चिकित्सक का, याचे उत्तर जानेवारी २०२३ मध्ये मिळाले. फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे उघड झाले. त्या घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण एनसीलेक्स पासही झाले होते! परीक्षा कितीही चांगली असली तरी प्रत्यक्ष रुग्णाजवळ घालवलेले तास ती मोजू शकत नाही.

मराठी मुलींची अडचण आणखी वेगळी, ती नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, कौन्सिलच्या नोंदणीवर एक, लग्नानंतरच्या पासपोर्टवर तिसरेच. केंद्रावर तळहाताच्या शिरांचा स्कॅन होतो, पण त्याआधी अर्जातले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. जुळले नाही तर दारातूनच परत, शुल्कही बुडीत. राजपत्रातील नावबदल आणि कौन्सिलकडची दुरुस्ती अर्जाच्या आधी उरकलेली बरी.

नापास झाल्यास?

४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. काही राज्ये प्रयत्नांवर मर्यादा घालतात. नापास उमेदवाराला एक अहवाल मिळतो. प्रत्येक घटकात ती रेषेच्या वर, जवळ की खाली होती, हे त्यात असते. तो बाजूला टाकून नव्या क्लासची फी भरणाऱ्या पुष्कळ जणी असतात. वास्तविक अभ्यासाची दिशा सांगणारा त्याहून नेमका कागद नाही.

पास झाले की थेट अमेरिका?

नाही. आणि क्लासच्या जाहिरातींत हीच गोष्ट सगळ्यात बारीक अक्षरांत असते. परिचारिका बहुधा ‘ईबी-३’ या स्थलांतर वर्गातून जातात. तिथे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या व्हिसांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. २०२५ मध्ये या रांगेत भारतात जन्मलेल्यांचे २०१३ च्या आसपासचे अर्ज हाताळले जात होते. म्हणजे परीक्षेला काही महिने, आणि रांगेला दहा वर्षांहून अधिक. अमेरिकेच्या कामगार विभागाच्या आकडेवारीत मे २०२४ मध्ये नोंदणीकृत नर्सचे मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते. तो आकडा दाखवताना रांगेचे वर्षही दाखवायला हवे.

म्हणूनच आता अनेक जणी एनसीलेक्स देतात ती कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया डोळ्यांसमोर ठेवून. ऑस्ट्रेलियासाठी त्यापुढे तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ब्रिटन आणि आखाती देशांच्या परीक्षा वेगळ्या, तिथे एनसीलेक्सची गरज नाही. त्यामुळे शुल्क भरण्याआधी देश ठरलेला असला पाहिजे.

एजंट आणि करार

परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘पास करून देतो’ म्हणणारा तर सरळ फसवणूक करत असतो. परदेशी कंपन्यांचे करार बहुधा दोन-तीन वर्षांचे असतात आणि मध्येच नोकरी सोडल्यास मोठ्या दंडाची अट असते. न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयाने २०१९ मध्ये फिलिपिनो परिचारिकांच्या खटल्यात अशी २५ हजार डॉलरची अट अवैध ठरवली. पण तो निकाल मिळवण्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

नोकरीचे पहिले महिने कसे असतात?

नव्या नर्सला काही आठवडे अनुभवी नर्सच्या जोडीने काम दिले जाते. कॅलिफोर्नियात कायद्यानेच सर्वसाधारण मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. तीस रुग्ण सांभाळलेल्या सिस्टरला ते आधी सोपे वाटते, मग त्या पाचांच्या नोंदी संगणकात भरताना शिफ्ट संपते.

सगळ्यात जड जातो तो रात्री डॉक्टरांना करायचा फोन. त्याची ‘एसबार’ नावाची ठरलेली पद्धत आहे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती रुग्णालयांत आली. आधी परिस्थिती सांगायची, मग रुग्णाची पार्श्वभूमी, मग आपल्याला काय आढळले ते. इथपर्यंत आपल्या परिचारिका अस्खलित बोलतात. शेवटी नर्सने स्वतःची शिफारस सांगायची असते: ‘डॉक्टर, मला वाटते यांचे कॅल्शियम आत्ताच तपासावे आणि तुम्ही येऊन पाहावे.’ ‘सर, काय करू?’ असे विचारण्याची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या सिस्टरला हे एक वाक्य उच्चारायला बरेच महिने लागतात.