द्वाराकृती, संगणकीय अभिकल्पातील

इमारतीचा आराखडा संगणकावर तयार करताना दरवाजाचा आकार आज्ञावलीतील तयार नमुन्यांमधून न निवडता तो हव्या त्या रेषांनी व मापांनी घडविणे, यास द्वाराकृतीचा संगणकीय अभिकल्प म्हणता येईल. नव्या इमारतीत हा मुख्यतः सोयीचा व शोभेचा प्रश्न असतो. जुन्या वास्तूंच्या आलेखनात मात्र तो अचूकतेचा प्रश्न ठरतो. आज्ञावलीच्या संग्रहातील बहुतेक दरवाजे आयताकृती किंवा साध्या कमानीचे असतात. त्यांतील त्यातल्या त्यात जवळचा नमुना जुन्या वाड्याच्या आराखड्यात बसविला आणि पुढे त्याच आराखड्यावरून दुरुस्ती झाली, तर मूळ आकार कायमचा नाहीसा होण्याचा संभव असतो. द्वाराकृतींचे मोठे वैविध्य असलेल्या कोल्हापूर परिसरातील वास्तूंवरून ही प्रक्रिया व तिच्या मर्यादा चांगल्या स्पष्ट होतात.

कोल्हापूर परिसरातील द्वाराकृती : शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथील कोपेश्वर मंदिरात दरवाजाची पोकळी आयताकृतीच आहे. तेथील वैशिष्ट्य पोकळीत नसून तिच्याभोवतीच्या कोरीव द्वारशाखांत, उंबरठ्यात व वरच्या ललाटपट्टीत आहे. पन्हाळगडावरील आदिलशाही काळातील तीन दरवाजा ही टोकदार कमानींची वास्तू असून तीत एकामागून एक दरवाजे व मध्ये चौक अशी रचना आढळते. कोल्हापूर शहरातील टाउन हॉल (1872–76) गॉथिक वळणाचा आहे. तेथे सध्या वस्तुसंग्रहालय आहे. त्याचे वास्तुकार चार्ल्स मँट यांनीच नवा राजवाडा (1877–84) योजला व त्यात एतद्देशीय आणि यूरोपीय घटकांचा मिलाफ केला. मराठा वाड्यांत लाकडी चौकट, तिच्या वरच्या आडव्या भागावरील गणेशपट्टी, पाकळ्यांची महिरप आणि मोठ्या कवाडातील लहान दिंडी असे घटक आढळतात. अशा वाड्यांतील जुनी कवाडे पुष्कळदा बिजागऱ्यांवर न फिरता आपल्याच वरच्या व खालच्या टोकांवर, खोबणीत फिरतात.

आज्ञावलीतील दरवाजाची रचना : केवळ रेषांनी काढलेला दरवाजा आणि प्राचलांनी बांधलेला दरवाजा यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात संगणकाला फक्त रेषा ठाऊक असतात. दुसऱ्यात रुंदी, उंची, चौकटीची जाडी, कवाडांची संख्या इ. प्राचले व त्यांचे परस्परसंबंध नोंदलेले असतात. त्यामुळे एक माप बदलले की संबंधित मापे नियमानुसार बदलतात. आकृतीच्या भागांवर असे भूमितीय निर्बंध घालण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत साकार केली. 1982 मध्ये आलेल्या ‘ऑटोकॅड’ने संगणकीय रेखनाचा प्रसार केला, तर हंगेरीतील ग्राफिसॉफ्टची ‘आर्किकॅड’ व 2000 मध्ये आलेली ‘रेव्हिट’ यांत भिंत, दरवाजा, खिडकी हे स्वतंत्र गुणधर्म असलेले घटक मानले गेले.

अशा आज्ञावलींत दरवाजा हा एकच पदार्थ नसून भिंतीतील पोकळी, चौकट, कवाड आणि तलविन्यासात दिसणारे चिन्ह या चार भागांचा समूह असतो. निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून ठरविलेल्या ‘आयएफसी’ या प्रमाणित मांडणीतही पोकळी भिंतीला छेदते आणि दरवाजा ती पोकळी भरतो, असे दोन वेगळे संबंध मानले आहेत. म्हणूनच केवळ कवाड कमानदार काढून भागत नाही. पोकळी आयताकृतीच राहिली, तर कमानीच्या दोन्ही खांद्यांवर भिंतीत भोके उरतात.

घडविण्याची रीत : प्रथम पोकळीची बंद बाह्यरेषा दर्शनी चित्रात काढतात. जमिनीपासूनची उंची जेथून मोजावयाची तो उंबरठा आणि पोकळीचा मध्य अक्ष हे आधार आधी निश्चित करावे लागतात. नंतर त्या रेषेने भिंत छेदून तिच्याच आधारे चौकट व कवाडे यांना घनाकार देतात. शेवटी तलविन्यासातील चिन्ह जोडतात. तलविन्यास सामान्यतः जमिनीपासून सुमारे एक मीटर किंवा थोड्या अधिक उंचीवर घेतलेला आडवा छेद असल्याने त्यात कमान दिसत नाही. आयताकृती व कमानदार दरवाजे तेथे सारखेच भासतात. यास्तव आकाराची तपासणी दर्शनी चित्रात व उभ्या छेदातच करावी लागते.

कमानींची भूमिती : आकार बदलण्यायोग्य ठेवावयाचा, तर कमानीचा भूमितीय नियम नोंदणे आवश्यक असते. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, निम्मी असते. 120 सेंमी. गाळ्याची अशी कमान 60 सेंमी. उंच असते. तीच केवळ आडवी ताणून 180 सेंमी. केली, तर ती अर्धवर्तुळ न राहता लंबवर्तुळाचा भाग बनते. नियमानुसार तिची उंची 90 सेंमी. हवी. चपट्या वर्तुळखंडी कमानीची त्रिज्या काढण्यासाठी गाळ्याच्या वर्गाला कमानीच्या उंचीच्या आठपटीने भागून त्यात निम्मी उंची मिळवितात. 120 सेंमी. गाळा व 30 सेंमी. उंची असल्यास त्रिज्या 75 सेंमी. येते; उंची तीच ठेवून गाळा 150 सेंमी. केल्यास ती 108.75 सेंमी. होते. टोकदार कमान दोन केंद्रांवरून काढतात. तिची त्रिज्या गाळ्याइतकी घेतल्यास 120 सेंमी. गाळ्याला सुमारे 104 सेंमी. उंची मिळते. महिरपीत प्रत्येक पाकळीचे केंद्र वेगळे असते. ती एकाच दिशेने ताणल्यास सर्व पाकळ्या विरूप होतात. [⟶ कमान].

मर्यादा व जतनकार्य : आज्ञावलीतील दरवाजा सर्वत्र सारख्या जाडीची भिंत गृहीत धरतो. गडाच्या दरवाजात मात्र पोकळी आत-बाहेर वेगवेगळ्या रुंदीची असू शकते आणि बाजूंस पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. असे भाग दरवाजा म्हणून न काढता स्वतंत्र घन म्हणून रचणे श्रेयस्कर असते. मंदिराच्या द्वारशाखांतील कोरीवकाम प्राचलांत बसत नाही. त्यासाठी छायाचित्रमापन किंवा लेसर क्रमवीक्षण यांद्वारे मिळालेल्या बिंदूंचा आधार घेतात.

दुसरी अडचण अचूकतेच्या आभासाची आहे. हाताने घडविलेल्या कमानीचे दोन भाग क्वचितच तंतोतंत सारखे असतात; भिंत खचल्याने किंवा चौकट झुकल्यानेही आकार बदलतो. संगणक मात्र अर्धी आकृती घेऊन दुसरी अर्धी तिचे प्रतिबिंब म्हणून सहज देतो. त्यामुळे आराखडा नीटनेटका दिसतो, पण वास्तूची खरी स्थिती झाकली जाते व दुरुस्तीला उपयोगी पडणारी झुकण्या-खचण्याची खूणही पुसली जाते. म्हणून जतनकार्यात प्रत्यक्ष मोजमापावरून काढलेली आकृती आणि मूळ नियमानुसार कल्पिलेली आकृती या दोन वेगळ्या ठेवून त्यांवर तशी नोंद करणे इष्ट असते. एका गाळ्यात ठराविक अंतरांवर उंची मोजल्यास कमान कोणत्या प्रकारची आहे आणि ती नियमापासून कोठे व किती ढळली आहे, हे दोन्ही कळते. अशी नोंद हाती असल्यास दरवाजा पुढे मोडकळीस आला, तरी सुताराला व गवंड्याला तो मूळ आकारात पुन्हा उभारता येतो.