स्वस्तातला ऐरावत

मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गात सध्या एका नव्या मोहाने प्रवेश केला आहे. ज्या रकमेत सात माणसांची साधी, नवी कोरी, कुटुंबवत्सल मोटार मिळते, त्याच रकमेत थोडी भर घातली की दहा-बारा वर्षे वापरलेली पोर्श किंवा तिच्या तोलाची दुसरी एखादी शर्यतीच्या वळणाची मोटार दारात उभी करता येते, हा तो मोह. पूर्वी अशा मोटारी गिरणीमालकांच्या आणि संस्थानिकांच्या दारात झुलत. आज जुन्या मोटारींच्या दालनात काचेआड त्या चकाकत असतात आणि नुकताच जम बसलेला डॉक्टर, परदेशची नोकरी करून परतलेला अभियंता, चार पैसे गाठीशी असलेला पगारदार तरुण त्यांच्याभोवती घुटमळत असतो. हौस करू नये असे आमचे म्हणणे नाही. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला एकदा तरी वाऱ्याशी स्पर्धा करावीशी वाटली तर त्यात गैर ते काय? परंतु हा सौदा ज्या रीतीने होतो, ती पाहता अनेकांच्या आयुष्याची पुंजी त्यात बुडण्याचा धोका आहे, आणि त्याविषयी वेळीच बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट साधी आहे, पण नेमकी तीच विसरली जाते. मोटारीची किंमत दरसाल उतरते. तिचे सुटे भाग बनविणारा कारखाना मात्र आपले दर उतरवीत नाही. जी मोटार नवी असताना एक कोटीची होती ती आज पंचवीस लाखांत मिळेल, पण तिचे ब्रेक, तिचा क्लच, तिचे दिवे हे एक कोटीच्या मोटारीचेच राहतात, आणि वय वाढेल तसे ते अधिक वेळा मागितले जातात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुनी मोटार घेणारा मनुष्य तिच्या पत्र्याबरोबर तिचा सारा भूतकाळ विकत घेत असतो, आणि तो भूतकाळ तपासण्याचे पुरेसे साधन आपल्या देशात ग्राहकाच्या हाती दिलेले नाही.

ज्या मोटारीचा इतिहास साऱ्या देशाला ठाऊक आहे अशी उदाहरणे विरळा. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी कसोटी शतकांच्या संख्येत ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या आयातकराच्या माफीवरून २००३ मध्ये वादळ उठले आणि शेवटी तो भार मोटारकंपनीने उचलला. पुढे २०११ मध्ये ती मोटार सुरतेतील एका व्यावसायिकाने विकत घेतली. त्या गृहस्थांना आपण काय घेत आहोत हे पक्के ठाऊक होते: आयातकर भरलेला आहे, पहिला मालक कोण हे जगजाहीर आहे. सामान्य ग्राहकाच्या नशिबी असे भाग्य नसते. त्याच्यापुढे उभी असते ती केवळ पॉलिश केलेली मोटार आणि तिच्याहून अधिक पॉलिश केलेली दलालाची जीभ.

कागदपत्रांपासूनच आरंभ करू. वापरलेली मोटार परदेशातून आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे चक्र उजव्या हाताला असावे, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असे आपले आयातधोरण सांगते. हे सोपस्कार चुकविण्यासाठी वाकड्या वाटा काढणारे निघतातच. परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या करमाफीच्या आडून मोटारी आणल्याचे प्रकरण महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने २०२१ मध्ये उघडकीस आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून केरळात अनेक मोटारी सीमाशुल्क खात्याने ताब्यात घेतल्या. अशा मोटारीच्या चौथ्या मालकाने कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असोत, जप्ती येते ती मोटारीवर, आणि तेव्हा ती त्याच्या दारात उभी असते. तेव्हा परदेशी बनावटीची मोटार असेल तर तिचे आयातपत्र आणि कर भरल्याची पावती पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

दुसरा प्रकार परराज्यातील नोंदणीचा. महाराष्ट्रात मोटारीवरील एकरकमी कर जबर आहे. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये वीस लाखांवरून तीस लाखांवर गेली. कर कमी असलेल्या ठिकाणी, विशेषतः पुदुच्चेरीत, भाड्याच्या किंवा बनावट पत्त्यावर मोटारी नोंदविण्याची चाल त्यातूनच निघाली, आणि २०१७ मध्ये केरळात त्याबद्दल नामांकित मंडळींवरही गुन्हे दाखल झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ४७व्या कलमान्वये बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या मोटारीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. म्हणजे स्वस्त दिसणाऱ्या परराज्यातील मोटारीच्या किमतीत आपल्या आरटीओचा कर मिळवूनच हिशेब मांडला पाहिजे.

आता मोटारीकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तेथे आलेला शेतकरी जनावर नुसते पाहून घेत नाही. तो त्याचा जबडा उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो आणि शेवटी त्याला चालवून पाहतो. आमचा पदवीधर ग्राहक मात्र चाळीस लाखांची मोटार रंग पाहून आणि इंजिनाचा आवाज ऐकून घेतो! घोड्याला आपले दात लपविता येत नाहीत. मोटारीला येतात.

धावेचा आकडा दाखविणारे यंत्र मागे फिरविणे हा तर या व्यापारातला हातखंडा प्रयोग. परंतु आधुनिक मोटारीची स्मृती एकाच ठिकाणी नसते. पोर्शसारख्या मोटारीचा इंजिन-संगणक इंजिन किती तास चालले याची नोंद ठेवतो. ठरावीक मर्यादेपलीकडे किती वेळा ते गरगरविले गेले हेही तो लिहून ठेवतो. धाव अठरा हजार किलोमीटर आणि इंजिनाचे तास अठराशे असे निघाले, तर सरासरी वेग ताशी दहा किलोमीटर पडतो. मुंबईची रहदारी कितीही वाईट असली तरी इतकी वाईट नाही, तेव्हा धावेच्या आकड्यावर कोणी तरी हात चालविला आहे असे समजावे. ही नोंद अधिकृत कार्यशाळेत काही मिनिटांत वाचता येते. विक्रेता त्याला नकार देत असेल तर सौदा तेथेच संपला.

याच्या उलट, कमी चाललेली मोटार म्हणजे उत्तम मोटार हाही एक भाबडा समज आहे. रबर धावेने झिजते तसे नुसत्या काळानेही सुकते. फेरारीच्या १९९० च्या दशकातील एफ ३५५ मोटारीचा इंजिनातला दातेरी पट्टा बदलण्यासाठी सारे इंजिनच खाली उतरवावे लागे; तिच्यानंतरच्या ३६० मध्ये आसनांच्या मागे झडप ठेवून ही अडचण कमी केली गेली, पण पट्टा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, मोटार हजार किलोमीटर चाललेली असो वा वीस हजार. तो तुटला तर झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळतात आणि इंजिन मोडीत जाते. टायरवरचे चार आकडेही पाहावेत: २३१९ असे कोरलेले असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी असा टायर ताशी दीडशेच्या वेगाला भरवशाचा नाही.

प्रत्येक घराण्याचे आपले एक दुखणे असते, आणि ते आधी माहीत करून घेतले पाहिजे. पोर्शने १९९६-९७ पासून बॉक्सटर आणि ९११ यांच्यासाठी पाण्याने थंड होणारी नवी इंजिने काढली. त्यांतील एका मधल्या दांड्याला आधार देणारे बंदिस्त बेअरिंग काही मोटारींत अचानक निकामी होई आणि त्याच्यासह सारे इंजिन जाई. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २००१ ते २००५ या सालांच्या मोटारींपुरती त्याची तडजोड २०१३ मध्ये झाली. त्याच काळातल्या ९११ टर्बोचे इंजिन निराळ्या बांधणीचे असल्याने तिला हे दुखणे नव्हते, आणि २००९ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांतून ते बेअरिंगच गेले. म्हणजे एकाच नावाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन मोटारींपैकी एक घेण्याजोगी आणि दुसरी नव्हे, असे होऊ शकते. लॅम्बोर्गिनी गॅलार्डो ही २००३ ते २०१३ या काळातील मोटार. तिच्या यांत्रिक हातांनी गिअर बदलणाऱ्या आवृत्तीचा क्लच रहदारीत इंच-इंच सरकताना झपाट्याने झिजतो. वांद्र्याहून नरिमन पॉइंटला रोज जाणाऱ्याने त्याचे काय केले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. तो किती शिल्लक आहे हेही संगणक सांगतो. विचारणारा मात्र हवा.

परंतु सर्वांत घातक फसवणूक पुराच्या पाण्यातून येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईची तीच गत झाली. शर्यतीच्या मोटारी जमिनीला चिकटून चालतात, त्यामुळे त्या आधी बुडतात. इंजिनात पाणी शिरले की ते दाबले जात नाही, आणि आतले दांडे वाकतात. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमाकंपनी ती मोटार पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा लिलावात विकते. यात गैर काही नाही. गैर पुढे घडते. तो सांगाडा धुऊन, वाळवून, रंगवून, ज्या शहरात पूर आला नव्हता अशा शहरात विक्रीला उभा राहतो. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला तर कधी त्याच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. गालिचा उचलला तर आसनाच्या रुळांवर गंज दिसतो. पण चलाख विक्रेता पट्टाही नवा बसवितो.

तेव्हा मागावी ती मागील दोन-तीन वर्षांची विमापत्रे. त्यांत दावा न केल्याबद्दलची सवलत छापलेली असते. ही सवलत २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. दावा केला की ती शून्यावर येते. आठ वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, 'एकही ओरखडा नाही' अशा मोटारीच्या विमापत्रात शून्य दिसले, तर त्या शून्याची कथा विक्रेत्याने सांगितली पाहिजे. विमा आपल्या नावे करून घेण्याची घाईही करावी, कारण दुसऱ्याच्या हानीचे संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते, पण आपल्याच मोटारीच्या हानीचे येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगून ठेवले आहे.

विक्रेत्यांसाठीही यात इशारा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, एक मोटार हातोहात अनेकदा विकली गेली होती, नोंदवहीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच पडली. 'नाव नंतर चढवू' या गोड वाक्यावर विसंबून किल्ली देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणि कायदा ग्राहकाच्या पाठीशी किती उभा आहे? १९३० सालचा मालविक्री कायदा म्हणतो की, ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांची हमी व्यापाऱ्यावर नाही. दहा मिनिटे मोटारीभोवती फिरून 'पाहिली, पसंत आहे' असे लिहून देणारा आपल्याच सहीने आपली बाजू दुबळी करतो. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनी प्राधिकारपत्र घ्यावे असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केला, हे योग्यच झाले. ते पत्र दालनात मागून पाहावे.

पण सरकारचे काम तेथे संपत नाही. केंद्राच्या 'वाहन' नोंदणीत मोटारीवरचा बोजा आणि विम्याची मुदत कळते. ती पुरात बुडाली होती का, विमाकंपनीने तिला मोडीत काढली होती का, हे ग्राहकाला कळत नाही. नष्ट झालेल्या मोटारीची खबर मालकाने चौदा दिवसांत द्यावी, असे ५५वे कलम सांगते. परंतु जिचा सांगाडा पुन्हा उभा करून विकावयाचा आहे, तिची खबर कोण देईल? अमेरिकेने १९९२ च्या मोटारचोरीविरोधी कायद्यातून मोटारींच्या मालकीपत्रांची राष्ट्रीय नोंद उभी केली, आणि मोडीत निघालेल्या मोटारींची माहिती तीत देणे विमाकंपन्यांवर बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये कोणत्याही मोटारीच्या वार्षिक तपासणीतील धावेचे आकडे कोणाही नागरिकाला फुकट पाहता येतात. आपल्याकडे विमाकंपन्यांजवळ हीच माहिती आज तयार आहे. पूर्ण नुकसानीत काढलेल्या प्रत्येक मोटारीचा चासी क्रमांक त्यांनी ठरावीक मुदतीत 'वाहन'मध्ये नोंदवावा आणि तो शेरा ग्राहकाला दिसावा, एवढा नियम परिवहन मंत्रालय व विमा नियामक प्राधिकरण यांनी मिळून करावयाचा आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी तो करावा, अशी आमची मागणी आहे.